रिमोट टेलिस्कोप म्हणजे काय? गावात बसून मोबाईलवरून खरं खगोल संशोधन कसं करता येतं?

२ एप्रिल २०२२ ची संध्याकाळ आठवते का? गुढीपाडव्याचा दिवस होता. विदर्भात अनेक ठिकाणांहून आकाशात जळत जाणाऱ्या ठिपक्यांची एक रांग दिसली आणि लोकांनी धडाधड मोबाईल काढून व्हिडिओ केले. नंतर चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही तालुक्यात, लाडबोरी गावात, धातूची एक भलीमोठी रिंग सापडली. चीनच्या एका रॉकेटचे ते अवशेष असावेत, असं जाणकारांनी सांगितलं.

त्या रात्री व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओंचा पूर आला होता. पण त्यातल्या किती व्हिडिओंमध्ये नेमकी वेळ, नेमकी जागा आणि मागे ओळखता येण्यासारखा एखादा तारा होता? या तीन गोष्टी असलेले, दोन वेगवेगळ्या गावांतून घेतलेले दोन व्हिडिओ मिळाले, तर ती वस्तू किती उंचीवरून आणि किती वेगाने गेली हे गणिताने काढता येतं. या गोष्टी नसतील तर तो व्हिडिओ स्टेटसला ठेवण्यापुरताच.

आजच्या विषयाची सुरुवात मुद्दाम इथून केली. रिमोट टेलिस्कोप म्हटलं की बहुतेकांना वाटतं, मोबाईलवर अ‍ॅप उघडायचं आणि शनीची कडी लाइव्ह बघायची. तसं करता येतंही. पण संशोधन होतं ते मोजण्यातून, आणि मोजायला टेलिस्कोप आपल्या मालकीचा किंवा आपल्या गच्चीवर असावा लागत नाही.

रिमोट आणि रोबोटिक: मोटारीच्या स्टार्टरसारखं

आमचं नाचणगाव वर्धा जिल्ह्यात, पुलगावला लागूनच आहे. इथे शेतात मोटार सुरू करायला आता रात्री विहिरीवर जावं लागत नाही. मोबाईल स्टार्टर बसवला असेल तर घरून फोन लावायचा, मोटार सुरू. काहींनी ऑटो लावलेलं असतं. लाईन आली की मोटार आपोआप चालू होते, आणि विहिरीत पाणी नसेल तर कोरडी चालून जळू नये म्हणून स्वतःच बंद पडते.

टेलिस्कोपचंही अगदी हेच आहे. फोन लावून मोटार चालू करणं म्हणजे रिमोट टेलिस्कोप. यंत्र दूर असतं, पण ते चालवणारा माणूस त्या वेळी जागा असतो आणि एकेक आदेश देत असतो. ऑटोवाली मोटार म्हणजे रोबोटिक टेलिस्कोप. त्या रात्री काय काय बघायचं याची यादी त्याला आधीच दिलेली असते. अंधार पडला की तो घुमट उघडतो, यादीतलं एकेक काम उरकतो, आणि ढग आले किंवा पावसाचा थेंब सेन्सरवर पडला की कुणालाही न विचारता घुमट बंद करतो. विहिरीच्या कोरड्या मोटारीला जे संरक्षण असतं, तेच इथे पावसापासून असतं. ते नसेल तर एका अवकाळी सरीत कोट्यवधींची यंत्रणा भिजायची.

आपल्या देशात या दोन्ही प्रकारांची चांगली उदाहरणं एकाच डोंगरावर आहेत. लडाखमधलं हानले, समुद्रसपाटीपासून सुमारे ४५०० मीटर उंच. हवा कोरडी आणि विरळ, आजूबाजूला शहराचा उजेड नाही, वर्षातल्या २५० च्या आसपास रात्री निरीक्षणाला चांगल्या. पण थंडी अशी की पारा शून्याखाली वीस अंशांच्याही खाली जातो, आणि ऑक्सिजन कमी. खगोलशास्त्रज्ञाने तिथे रात्रभर बसून काम करावं ही अपेक्षाच चुकीची. म्हणून भारतीय खगोलभौतिकी संस्थेने तिथे २ मीटर व्यासाची हिमालयन चंद्र दुर्बीण उभारली तेव्हाच ती दुरून चालवायचं ठरलं. सप्टेंबर २००० मध्ये तिने पहिल्यांदा आकाश पाहिलं. ती चालवणारे लोक बंगळुरूजवळच्या होसकोटेला बसतात आणि मधला दुवा असतो उपग्रहाचा. आपल्याकडे मोबाईलवर इंटरनेट येण्याच्या कितीतरी आधी ही सोय झाली होती.

त्याच हानलेत १२ जून २०१८ ला ग्रोथ-इंडिया टेलिस्कोपने पहिल्यांदा आकाश पाहिलं. हा ७० सेंटीमीटर व्यासाचा आहे, आणि आयआयटी मुंबई व भारतीय खगोलभौतिकी संस्था यांचा हा संयुक्त प्रकल्प. भारतातला हा पहिला पूर्ण रोबोटिक संशोधन टेलिस्कोप. याचा आरसा मोठा नाही, पण एका फोटोत साधारण पाऊण अंश आकाश मावतं. पौर्णिमेचा चंद्र अर्ध्या अंशाचा असतो, म्हणजे चंद्र मावून वर जागा उरते.

रात्र संपली तरी काम संपत नाही

ग्रोथ हे नाव एका मोठ्या जाळ्याचं आहे. कॅलिफोर्नियातल्या कॅलटेक संस्थेच्या पुढाकाराने ते उभं राहिलं, आणि त्याच्या प्रमुख मानसी कासलीवाल मूळच्या इंदूरच्या. कल्पना शाळेतल्या रिले शर्यतीसारखी आहे. आकाशात अचानक काही घडलं, एखादा तारा फुटला किंवा दोन तारे आदळले, तर ते पुढे मंद होत जातं. कॅलिफोर्नियात सकाळ झाली म्हणून थांबून चालत नाही. तिथे उजाडायच्या आत बॅटन पश्चिमेकडे द्यायची: हवाई, मग जपान-तैवान, मग भारत, मग इस्राएल आणि युरोप. पृथ्वी फिरत राहते आणि कुठे ना कुठे रात्र असतेच.

याची गरज किती असते ते १७ ऑगस्ट २०१७ ला सगळ्या जगाने पाहिलं. त्या दिवशी अमेरिकेतल्या लायगो आणि युरोपातल्या व्हर्गो यंत्रांनी दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरीतून आलेल्या गुरुत्वीय लहरी पकडल्या. लहरींवरून आकाशातला फक्त अंदाजे भाग कळतो, नेमका ठिपका नाही. साधारण अकरा तासांनी चिलीतल्या एका १ मीटरच्या टेलिस्कोपने तो ठिपका शोधून काढला. १ मीटर! आज जगात याच्या दहापट व्यासाचे टेलिस्कोप आहेत. पण योग्य वेळी, योग्य देशात, रात्रीत असणं जास्त महत्त्वाचं ठरलं.

आता हे आपल्या किती जवळ येतंय बघा. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया उभारायला केंद्र सरकारने एप्रिल २०२३ मध्ये अंतिम मंजुरी दिली, खर्च सुमारे २६०० कोटी रुपये. ते सुरू झालं की लहरी कुठून आल्या तो आकाशाचा भाग बराच लहान होईल, आणि हानलेसारख्या ठिकाणच्या रोबोटिक टेलिस्कोपला तिकडे ताबडतोब वळता येईल. त्यासाठी डेटा तपासणारी माणसंही लागतील. ती कुठून येणार? आज दहावी-बारावीत असलेल्यांमधूनच.

पवईत बसून कॅलिफोर्नियाच्या फोटोत लघुग्रह

१६ ऑगस्ट २०२०. भारतात सकाळचे साडेनऊ वाजून गेले होते, तेव्हा एक लघुग्रह हिंद महासागराच्या दक्षिण भागावरून फक्त २९५० किलोमीटर उंचीवरून निघून गेला. आकाराने तो ३ ते ६ मीटर, म्हणजे एखाद्या मोठ्या गाडीएवढा. तोपर्यंत पृथ्वीला न धडकता गेलेल्या, नोंद झालेल्या लघुग्रहांमध्ये तो सगळ्यात जवळून गेलेला होता. पृथ्वीच्या ओढीने त्याची वाटच सुमारे ४५ अंशांनी वळली.

आणि तो जाताना कुणालाच दिसला नाही. साधारण सहा तासांनी कॅलिफोर्नियातल्या पालोमार वेधशाळेच्या कॅमेऱ्याने तो टिपला. या कॅमेऱ्याचं नाव झ्विकी ट्रान्झियंट फॅसिलिटी. एका फोटोत ४७ चौरस अंश आकाश घेतो. रात्रभरात असे शेकडो फोटो येतात. जवळून जाणारा लघुग्रह फोटोत ठिपक्याऐवजी छोटी रेघ म्हणून उमटतो. अशा रेघा आधी कॉम्प्युटर शोधतो, पण उपग्रहाचीही रेघच येते आणि कॅमेऱ्यातल्या बिघाडाचीही. म्हणून शेवटची चाळणी माणूस करतो. त्या दिवशी ही रेघ ओळखणाऱ्यांमध्ये आयआयटी मुंबईचे दोन विद्यार्थी होते, कुणाल देशमुख आणि कृती शर्मा. नासाने आपल्या बातमीत दोघांची नावं दिली. लघुग्रहाचं नाव पडलं २०२० क्यूजी.

या दोघांनी टेलिस्कोपला हातही लावलेला नव्हता. रात्र कॅलिफोर्नियाची, दुपार आपली. भारतातल्या विद्यार्थ्याला हा फायदा फुकटात मिळालेला आहे आणि आपण तो फारसा लक्षात घेत नाही.

घड्याळ जरा नीट बघू. नाचणगावात सकाळचे दहा वाजतात तेव्हा ॲरिझोनात आदल्या रात्रीचे साडेनऊ वाजलेले असतात. आपल्याकडे दुपारचा दीड, तेव्हा हवाईत आदल्या रात्रीचे दहा. म्हणजे तिथली रात्र बरोबर आपल्या शाळेच्या वेळेत येते. हवाई आणि ऑस्ट्रेलियातले २-२ मीटरचे फॉक्स टेलिस्कोप ब्रिटनमधल्या शाळांना डोळ्यांसमोर ठेवूनच उभारले गेले होते, त्यामागे हाच हिशेब होता: मुलं वर्गात असताना तिकडे रात्र हवी. आता ते लास कंब्रेस वेधशाळेच्या जाळ्यात आहेत. हे जाळं उभं करणारे वेन रोझिंग आधी गूगलमध्ये इंजिनिअरिंगचे प्रमुख होते. हवाई, टेक्सास, चिली, दक्षिण आफ्रिका, ऑस्ट्रेलिया, टेनेरीफ अशा ठिकाणचे टेलिस्कोप एकाच वेळापत्रकावर चालतात. तुम्ही फक्त काय हवं ते सांगायचं. कोणत्या देशातून ते घ्यायचं हे सॉफ्टवेअर ठरवतं. शाळांना वेळ मिळते ती त्यांच्या भागीदार संस्थांमार्फत, थेट नाही.

दुसरा फायदा भूगोलाचा. नाचणगाव उत्तरेला २०.७ अंशांवर आहे. दक्षिण आकाशातला मोठा मॅगेलनी मेघ ही आपल्या आकाशगंगेची शेजारीण, पण आपल्या क्षितिजाला ती जेमतेम टेकते. झाडं, घरं, धूळ यांच्यामागे ती कधीच दिसत नाही. लहान मॅगेलनी मेघ तर उगवतच नाही. ऑस्ट्रेलियातल्या टेलिस्कोपला दोन्ही डोक्यावर. शिवाय आपला पावसाळा. जूनच्या मध्यापासून सप्टेंबर संपेपर्यंत इथून आकाशाचं काही खरं नसतं. एखाद्या ताऱ्याचा अभ्यास सुरू केला तर मध्ये चार महिन्यांचं भोक पडतं.

मोबाईलवरून नेमकं काय करायचं?

सगळ्यात सोपं दार म्हणजे हार्वर्ड-स्मिथसोनियन केंद्राची मायक्रोऑब्झर्व्हेटरी. ६ इंची आरशाचे छोटे रोबोटिक टेलिस्कोप, काही ॲरिझोनात. मोफत आहे. 'ऑब्झर्विंग विथ नासा' या त्यांच्या पानावर जाऊन यादीतून एक गोष्ट निवडायची, किती सेकंद प्रकाश गोळा करायचा ते सांगायचं, फिल्टर निवडायचा, ईमेल द्यायचा. एक-दोन दिवसांत फोटोची लिंक येते. क्रोममध्ये सगळं चालतं, अ‍ॅप लागत नाही.

पहिला फोटो बघून तुम्ही निराश होणार, हे आधीच सांगून ठेवतो. काळा-पांढरा, बारीक, साधारण ६५० बाय ५०० पिक्सेलचा. तुमच्या मोबाईलचा कॅमेरा कागदावर याच्यापेक्षा कितीतरी मोठा फोटो काढतो. मग यात विशेष काय?

विशेष आहे ती फाइल. डाउनलोड करताना दोन पर्याय दिसतील, एक साधा फोटो आणि एक 'फिट्स'. नेहमी फिट्स घ्या. साध्या जेपीजी फोटोत प्रत्येक पिक्सेलचा उजेड ० ते २५५ मधल्या एका आकड्यात कोंबलेला असतो, आणि मोबाईल तर वर स्वतःची मेकअप करतो: कडा धारदार, अंधार उजळ. फिट्समध्ये १६ बिटचे आकडे असतील तर तीच पट्टी ० ते ६५,५३५ पर्यंत जाते, आणि कुणी त्यात ढवळाढवळ केलेली नसते. म्हणजे फिट्स हा फोटो कमी आणि आकड्यांचा तक्ता जास्त. तक्त्याच्या वर एक माहितीपट्टीही असते. कोणता टेलिस्कोप, किती सेकंद, कोणती तारीख, किती वाजता. लाडबोरीच्या व्हिडिओत जे नव्हतं, ते सगळं इथे आपोआप लिहिलेलं असतं.

फक्त वेळ जागतिक असते, भारतीय नाही. त्यात साडेपाच तास मिळवले की आपली वेळ. मी पहिल्यांदा उलटं केलं, मिळवायच्या ऐवजी वजा केले, आणि एक अख्खी संध्याकाळ ग्रह भलत्याच ठिकाणी का आहे हे शोधत बसलो. तारीखही बदलते, ते विसरू नका.

फिट्स उघडायला जेएस९ नावाचं टूल ब्राउझरमध्येच चालतं. डेटा पॅकची काळजी नको. ६५० बाय ५०० पिक्सेल, प्रत्येकाला दोन बाइट, म्हणजे एक फोटो सुमारे ६५० केबीचा. एक रील बघण्यापेक्षा स्वस्त. हानलेच्या ग्रोथ-इंडियाचा कॅमेरा ४०९६ बाय ४१०८ पिक्सेलचा, त्याची अशीच एक फाइल ३३ एमबीच्या पुढे जाते. तिथे मात्र मोबाईल दमतो.

परग्रहाचं अधिक्रमण मोजणं

मोबाईलवरून होण्यासारखं, आणि शास्त्रज्ञांना खरोखर हवं असलेलं, एक काम सविस्तर सांगतो.

२०१२ मध्ये शुक्राचं अधिक्रमण झालं होतं. शुक्र सूर्यासमोरून काळ्या तिळासारखा सरकला. दुसऱ्या ताऱ्यांचे ग्रहही असेच त्यांच्यासमोरून जातात. तीळ दिसत नाही, कारण ताराच एक ठिपका असतो, पण उजेड किंचित घटतो. गुरूचा व्यास सूर्याच्या साधारण एक दशांश. म्हणजे गुरूएवढा ग्रह सूर्यासारख्या ताऱ्यासमोर आला तर झाकला जाणारा भाग एक शतांश, आणि उजेड १ टक्क्याने कमी. हॅट-पी-३२बी नावाचा ग्रह तर आपल्या ताऱ्याचा उजेड २ टक्क्यांहून थोडा जास्त घटवतो, आणि दर २.१५ दिवसांनी समोर येतो. सरावासाठी बहुतेक जण यापासूनच सुरुवात करतात.

२ टक्के घट ६ इंची टेलिस्कोपने कशी कळणार? वर ढगाचा एक पापुद्रा आला तरी याहून जास्त उजेड जातो. उपाय साधा आहे आणि तो तुम्ही घरी रोज वापरता. बल्ब मंद झाला की आपण काय करतो? शेजाऱ्याकडे बघतो. त्याचाही मंद असेल तर लाईन कमी आहे. त्याचा नीट आणि आपलाच मंद असेल तर बिघाड आपल्या घरात. तसंच एकाच फोटोत आपला तारा आणि शेजारचे दोन-चार स्थिर तारे धरायचे. सगळे मंदावले तर ढग. आपलाच मंदावला तर ग्रह.

आता हे काम हवं कशाला, ग्रह तर आधीच सापडलाय? इथे गंमत आहे. समजा त्या २.१५ दिवसांच्या फेरीत आपली चूक फक्त एका सेकंदाची आहे. वर्षात साधारण १७० फेऱ्या होतात. पाच वर्षांत चूक साचत जाते ८५० सेकंदांवर, म्हणजे चौदा मिनिटांवर. जेम्स वेबसारख्या टेलिस्कोपचा एकेक तास मोलाचा. तो चौदा मिनिटं आधी किंवा उशिरा बघायला लागला तर नुकसान. हजारो ग्रहांची ही घड्याळं सारखी मिळवत राहायला मोठ्या टेलिस्कोपना वेळ नाही. छोट्यांना आहे.

म्हणून नासाने एक्सोप्लॅनेट वॉच हा प्रकल्प चालवला आहे. मायक्रोऑब्झर्व्हेटरीने घेतलेल्या फोटोंचे संच ते लोकांना देतात. तुम्ही एक संच घ्यायचा आणि एक्झॉटिक नावाच्या प्रोग्रॅममधून तो चालवायचा. हा प्रोग्रॅम गूगल कोलॅबवर चालतो, म्हणजे गणित गूगलच्या कॉम्प्युटरवर होतं आणि फोटो तुमच्या गूगल ड्राइव्हमध्ये राहतात. तुमच्या मोबाईलची रॅम ४ जीबी असो की ८, फरक पडत नाही. मोबाईलवर क्रोमच्या मेनूतून 'डेस्कटॉप साइट' चालू करा, नाहीतर बटणं सापडणार नाहीत. स्क्रीन छोटी असल्यामुळे तारा बोटाने नेमका पकडणं हा खरा त्रास आहे. फोटो मोठा करून ताऱ्याचा पिक्सेल क्रमांक कागदावर लिहून घेतला तर काम सोपं होतं.

शेवटी एक प्रकाशवक्र मिळतो. ठिपक्यांची आडवी रांग, मध्ये एक उथळ खड्डा. तो ठिपक्यांचा पसारा बघून पहिल्यांदा वाटतं की काहीच नाही. मग प्रोग्रॅम त्यातून रेघ काढतो आणि खड्ड्याच्या मध्याची वेळ सांगतो, सोबत चूक किती असू शकते तेही. ती चूक फार मोठी असेल तर तसंच पाठवा. आकडा सुंदर करायला जाऊ नका. हे निकाल एएव्हीएसओ या १९११ पासून चालत आलेल्या संस्थेकडे जमा होतात, आणि त्यासाठी तुम्हाला निरीक्षक म्हणून एक मोफत कोड मिळतो. ज्यांची मोजणी एखाद्या शोधनिबंधात वापरली जाते, त्यांना सहलेखक करण्याचं प्रकल्पाचं धोरण आहे.

'नासाचं सर्टिफिकेट' आणि बाकी गोंधळ

लघुग्रह शोध मोहिमांच्या जाहिराती तुम्ही पाहिल्या असतील. मूळ मोहीम चांगली आहे. आंतरराष्ट्रीय खगोल शोध सहयोग, म्हणजे आयएएससी, हवाईतल्या पॅन-स्टार्स टेलिस्कोपचे फोटो शाळांच्या गटांना देतं आणि मुलं त्यात सरकणारे ठिपके शोधतात. त्यांच्याकडून हे मोफत असतं. सॉफ्टवेअर विंडोजवर चालतं, त्यामुळे इथे मोबाईल पुरत नाही, शाळेच्या कॉम्प्युटर लॅबचं कुलूप उघडून घ्यावं लागतं.

पण मध्ये काही जण फी घेतात आणि 'तुमच्या मुलाने लघुग्रह शोधला' म्हणून पेपरात फोटो देतात. इथे शब्द तपासा. मुलाने ठिपका कळवला की ती होते प्राथमिक नोंद. पुढे इतर टेलिस्कोपना तो पुन्हा सापडला आणि मायनर प्लॅनेट सेंटरने मान्य केला तर त्याला तात्पुरतं नाव मिळतं. कक्षा पक्की होऊन कायमचा क्रमांक मिळायला अनेक वर्षं लागतात, आणि बऱ्याच नोंदी पहिल्या पायरीवरच गळतात. क्रमांक मिळाल्यावर शोधकाला नाव सुचवता येतं, तेही स्वतःचं नाव देण्याची पद्धत नाही. प्राथमिक नोंद ही काही लहान गोष्ट नाही, अभिमान जरूर बाळगा. पण 'नासाने नाव दिलं' असं कुणी सांगत असेल तर पैसे देण्याआधी पायरी कोणती ते विचारा. ताऱ्याला बायकोचं नाव देऊन सर्टिफिकेट विकणाऱ्या वेबसाइट तर सरळ विसरा. ताऱ्यांची अधिकृत नावं आंतरराष्ट्रीय खगोल संघ ठरवतो, आणि तो विकत नाही.

पैसे देऊन टेलिस्कोप भाड्याने घेता येतात, आयटेलिस्कोपसारख्या सेवा आहेत. मिनिटांवर बिल लागतं. सुरुवातीला त्याची गरज नाही असं माझं मत.

पावसाळ्यात काय?

रेडिओ! रेडिओ लहरी ढगांतून आरपार येतात आणि दिवसाही येतात. पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळच्या खोडदला जीएमआरटी आहे. ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना सुमारे २५ किलोमीटरच्या परिसरात पसरलेल्या, आणि सगळ्या एकाच कंट्रोल रूममधून ऑप्टिकल फायबरवरून फिरवल्या जातात. म्हणजे हाही दुरूनच चालणारा टेलिस्कोप. त्यावर वेळ मागायची तर प्रस्ताव लिहावा लागतो: काय बघायचं, का, किती तास, आणि दुसऱ्या कुणी ते आधीच केलेलं नाही ना. जगभरातून प्रस्ताव येतात आणि गुणवत्तेवर निवड होते. कॉलेजात गेल्यावर मार्गदर्शकासोबत हे जमू शकतं. तुमच्या कॉलेजचे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक पुण्याच्या आयुकाशी सहयोगी म्हणून जोडलेले आहेत का, हे पहिल्याच वर्षी विचारून घ्या.

त्याआधीही एक रस्ता आहे. २०१३ मध्ये डॉ. आनंद होता यांनी रॅड अ‍ॅट होम हा उपक्रम सुरू केला. विज्ञान आणि इंजिनिअरिंगचे विद्यार्थी घरी बसून जीएमआरटीच्या आकाश-नकाशात विचित्र आकार शोधतात, चर्चा ऑनलाइन होते. २०२५ मध्ये याच गटाने नेदरलँड्समधून चालणाऱ्या लोफार टेलिस्कोपच्या डेटात एकमेकांना छेदणारी दोन रेडिओ कडी प्रसिद्ध केली. अशा विचित्र कड्यांचं कोडं अजून पूर्ण सुटलेलं नाही.

आज रात्रीच सुरुवात करायची असेल तर मायक्रोऑब्झर्व्हेटरीला चंद्राचा एक फोटो मागा. चंद्र उजळ असतो, त्यामुळे प्रकाश गोळा करायचा वेळ अगदी कमी ठेवा, नाहीतर नुसता पांढरा गोळा येईल. दुसरा फोटो दोन दिवसांनी तशाच सेटिंगने मागा. दोन्ही फिट्स जेएस९ मध्ये शेजारी उघडा आणि एकाच विवराची सावली किती पिक्सेल सरकली ते मोजा. उत्तर वहीत लिहा, आणि त्याच्यापुढे दोन्ही फोटोंची वेळ लिहा.